ऑर्का गप्प झाला तर

ऑर्का, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आमचा प्रोग्रॅम, गप्प झाला की सुरुवात कुठून करायची, हे मला फोनवर वरचेवर सांगावं लागतं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. परवा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीचा फोन आला. बँकेच्या परीक्षांची तयारी करते, पूर्ण अंध आहे, माझ्यासारखाच रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरते. "अक्का, सकाळपासून बोलेना झालाय. दादा म्हणतोय मेमरी कार्ड फॉरमॅट करून सगळं नव्यानं घालून देतो." मी म्हटलं, दादाला सांग, कार्डाला हात लावू नकोस, त्यात तुझ्या नोट्स आहेत. फोन स्पीकरवर टाक आणि कीबोर्ड पुढ्यात घे.

डोळस माणसाच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला तर गाणी बंद होतात. आमचा आवाज गेला तर पडदाच जातो, आणि काय बिघडलंय हे सांगणारा मजकूरही त्याच पडद्यावर असतो. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक उपाय 'कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा' इथून सुरू होतात. ते चित्र शोधायलाच आम्हाला आवाज लागतो. त्यामुळे आमचा क्रम वेगळा हवा. पहिली पायरी पूर्ण शांततेत करता आली पाहिजे, आणि प्रत्येक पायरीचं उत्तर कानाला किंवा बोटाला कळलं पाहिजे.

माझं मशीन रास्पबेरी पाय 4 आहे, 2019 साली आलेलं मॉडेल. तळहातावर मावतं. हार्मोनियमच्या वर्गाचं वेळापत्रक, फीचा हिशोब, विद्यार्थ्यांसाठी उतरवलेल्या बंदिशी, रोजचे पेपर, सगळं त्याच्यावर. वीज इतकी कमी खातं की लाइट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतं.

शब्द माझ्या कानापर्यंत कसा येतो ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डेस्कटॉपवर कुठे काय आहे ते ऑर्का गोळा करतो आणि मजकूर स्पीच डिस्पॅचरच्या हवाली करतो. डिस्पॅचर तो ईस्पीक एनजीला देतो. ईस्पीक मजकुराचा आवाज बनवतो. तो आवाज पाइपवायरकडे जातो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरीवर पाइपवायर आहे, त्याआधी पल्सऑडिओ होता. आवाज कुठल्या दारानं बाहेर काढायचा हे पाइपवायर ठरवतो: एचडीएमआय, हेडफोनचा जॅक की यूएसबी. त्याच्याखाली अल्सा, म्हणजे साउंड कार्ड प्रत्यक्ष चालवणारा लिनक्सचा भाग, आणि मग वायर आणि स्पीकर.

माझे वडील कापडाच्या मिलमध्ये जॉबर होते, मागांची देखरेख करायचे. माग अडला की ते अख्खा माग खोलत नसत. धागा कुठे तुटला, धोटा कुठे अडकला, हे आवाजावरून हेरायचे आणि तेवढंच सरळ करायचे. ऑर्का गप्प झाला की मलाही एवढंच शोधायचं असतं, की या साखळीत नेमकं कोण थांबलंय.

आता क्रम. आज्ञा मी फोनवर अक्षर अक्षर सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत.

सगळ्यात आधी मशीन जिवंत आहे का ते बघायचं. जुन्या डेस्कटॉपमध्ये चालू होताना 'टीं' करणारा छोटा स्पीकर असायचा, रास्पबेरीत तसं काही नाही. लाल-हिरवे दिवे आहेत, त्यांचा आम्हाला उपयोग नाही. मी डबीवर बोट ठेवून बघते. चालू मशीन कोमट लागतं. पण गोठलेलं मशीनसुद्धा कोमटच असतं, त्यामुळे बोटानं अर्धीच खात्री होते. पूर्ण खात्री फोन देतो. माझ्या अँड्रॉइडवर टर्मक्स हे आज्ञा टाइप करायचं ॲप आहे, फोनचा वाचक टॉकबॅक ते वाचतो, आणि त्यातून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला आज्ञा देण्याच्या सोयीनं, मी रास्पबेरीत शिरते. पासवर्ड विचारला गेला की कळतं, मशीन चालू आहे, नेटवर्कही चालू आहे. आणि त्या क्षणापासून माझ्या हातात एक बोलणारा पडदा असतो, फोनचा. रास्पबेरीचा आवाज कितीही बसला तरी हा बसत नाही.

एसएसएच मुळात बंद असतं. कार्ड तयार करताना इमेजरमध्ये, म्हणजे कार्ड लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ते चालू करता येतं, नाहीतर नंतर रास्पबेरीवरच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून. शिवाय राउटरमध्ये आपल्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडा, कायमचा राखून ठेवायचा, म्हणजे तो रोज बदलणार नाही आणि पाठ राहील. हे आवाज चालू असताना करून ठेवायचं काम आहे. माझ्या ओळखीतला कोणीही नवीन रास्पबेरी घेतो तेव्हा मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, बाकी सगळं नंतर.

मशीन जिवंत निघालं तर चुकून दाबलेल्या बटणांचा विचार. इन्सर्ट धरून एस दाबलं की ऑर्का स्वतःचं बोलणं बंद करतो. पुन्हा तेच दाबलं की 'स्पीच एनेबल्ड' म्हणतो. लॅपटॉपची मांडणी निवडली असेल तर इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉक. कीबोर्डवर म्यूटचं बटण असेल तर तेही एकदा दाबून बघायचं. घरात लहान मुलं असली की हे दोन आधी.

मग माझी आवडती पायरी. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबायचं, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडेपर्यंत थोडं थांबायचं, आणि टाइप करायचं: स्पीकर, डॅश, टेस्ट, स्पेस, डॅश, सी, 2, स्पेस, डॅश, टी, स्पेस, डब्ल्यू, ए, व्ही. एंटर. एका बाईचा आवाज येतो, 'फ्रंट लेफ्ट', मग 'फ्रंट राइट'. हा आवाज ईस्पीकनं बनवलेला नाही, खऱ्या माणसाचा रेकॉर्ड केलेला आहे आणि मशीनमध्ये फाइल म्हणून पडून असतो. त्याला ऑर्का लागत नाही, डिस्पॅचर लागत नाही, ईस्पीक लागत नाही. ही बाई बोलली म्हणजे पाइपवायरपासून स्पीकरपर्यंतचा खालचा सगळा भाग ठणठणीत आहे, खोट वर आहे. नाही बोलली तर ऑर्काला दोष द्यायचं कारण नाही, खालचं बघायचं. एका आज्ञेत अर्धी साखळी मोकळी होते. कंट्रोल-सी दाबलं की थांबते.

ती बोलली असं धरू. आता वरच्या कड्या एकेक करून. ईस्पीक, डॅश, एनजी, पुढे अवतरण चिन्हात कुठलाही शब्द. त्यासाठी ईस्पीक एनजीचं पॅकेज वेगळं घालून ठेवावं लागतं, ते मी घातलंय. बोललं तर ईस्पीक बरा आहे. मग एस, पी, डी, डॅश, एस, ए, वाय, आणि एक शब्द. हा डिस्पॅचरच्या मार्गानं जातो. ईस्पीक बोलला आणि हा नाही बोलला, तर डिस्पॅचर अडकलाय. त्याला पी-किल या आज्ञेनं मारून टाकलं तरी बिघडत नाही, पुन्हा कोणी बोलायला सांगितलं की तो आपोआप उठतो. दोन्ही बोलले आणि ऑर्काच गप्प, तर ऑर्का, स्पेस, डॅश डॅश रिप्लेस. जुना ऑर्का जातो, नवा येतो. ही शेवटची आज्ञा रास्पबेरीच्या स्वतःच्या कीबोर्डवरूनच द्यायची. एसएसएचमधून डेस्कटॉप सहज सापडत नाही, म्हणून तिथून ऑर्का उठत नाही. पाइपवायर आणि डिस्पॅचरची कामं मात्र फोनवरून व्यवस्थित होतात.

एक पथ्य. आवाजाच्या कुठल्याही आज्ञेपुढे सुडो लावायचं नाही. सुडो म्हणजे तीच आज्ञा रूटच्या, मशीनच्या मुख्य मालकाच्या, नावानं चालवणं. पाइपवायर तुमच्या नावानं चालतो, रूटच्या नावानं नाही. सुडो लावून तपासलं की धडधाकट मशीनही मुकं वाटतं आणि माणूस भलत्याच दिशेला जातो.

त्या मुलीच्या घरी ती बाई बोलली नाही. तिचा रास्पबेरी हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआयनं जोडलेला आहे, आणि ती ऐकते यूएसबीला लावलेल्या हेडफोनवर. मी दादाला फोनजवळ बोलावलं आणि सांगितलं, तू काही दुरुस्त करू नकोस, मी सांगते ते टाइप करून पडद्यावर आलेलं जसंच्या तसं वाच. डब्ल्यू, पी, सी, टी, एल, स्पेस, स्टेटस. त्यानं यादी वाचली. ज्या ओळीपुढे तारा असतो ते सध्याचं दार. तारा एचडीएमआयपुढे होता. सकाळी टीव्ही लावला होता केबलवर, आणि रास्पबेरीचा सगळा आवाज टीव्हीच्या त्या जोडणीत जात होता जी त्या वेळी कोणी ऐकतच नव्हतं. ऑर्का सकाळपासून बोलतच होता. डब्ल्यूपीसीटीएल, स्पेस, सेट, डॅश, डिफॉल्ट, आणि यूएसबीच्या ओळीचा आकडा. आकडा प्रत्येक वेळी यादीतूनच घ्यायचा, मशीन पुन्हा चालू झालं की तो बदलू शकतो. पोरगी ओरडलीच, "बोलला की अक्का!"

एचडीएमआयबद्दल मला बरंच बोलायचंय, कारण आमच्यासाठी ते सगळ्यात वाईट दार आहे आणि तरीही सगळे तेच वापरतात.

पहिली गोष्ट, एचडीएमआयला समोर जागा मॉनिटर लागतो. मॉनिटर जोडला की तो रास्पबेरीला स्वतःची माहिती पाठवतो: मी किती मोठा आहे, मला आवाज चालतो की नाही. 'चालत नाही' असं सांगितलं तर रास्पबेरी तिकडे आवाज पाठवत नाही. मॉनिटर जोडलेलाच नसेल तर ते दारच नसतं. अंध माणूस मॉनिटर कशाला चालू ठेवेल? वीज वाचावी म्हणून बंद करतो, आणि आवाज जातो. जुन्या लेखांमध्ये यावर एक उपाय सापडतो, कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय अंडरस्कोर ड्राइव्ह बरोबर 2 लिहायचा. पडदा चालवणाऱ्या आताच्या केएमएस ड्रायव्हरवर त्या ओळीचा काही परिणाम होत नाही. त्यात वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची, कारण तिथे आवाज जात नाही, कुरतडला जातो. थोडा वेळ शांतता असली की वायरप्लंबर, म्हणजे पाइपवायरचा व्यवस्थापक, आवाजाचं दार झोपवतो. मूळ मांडणीत ही वेळ 5 सेकंद असते. पुन्हा आवाज आला की दार उघडतं, पण टीव्ही किंवा मॉनिटरला जागं व्हायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात पहिलं अक्षर निघून जातं. गाणं ऐकणाऱ्याला हे कळणारही नाही. आमचं निम्मं काम एका-एका शब्दाचं असतं. 'येस', 'नो', 'ओके', 'कॅन्सल'. टॅब दाबायचा, थांबून विचार करायचा, पुन्हा टॅब दाबायचा, आणि बटणाचं नावच ऐकू येत नाही. टाइप करताना एकेक अक्षर ऐकायचं, तर विचार करून दाबलेलं प्रत्येक अक्षर गिळलं जातं. ओटीपीचा पहिला आकडा जातो. फाइल पुसू का असं विचारलंय आणि आपण कुठल्या बटणावर उभे आहोत ते माहीत नाही, ही अवस्था ज्यानं सोसली त्यालाच तिची भीती कळते. लोक मला सांगतात 'ऑर्का अर्धवट वाचतो', 'ऑर्कात दोष आहे'. ऑर्का पूर्ण वाचत असतो.

उपाय आहे. वायरप्लंबरच्या मांडणीत सेशन डॉट सस्पेंड डॅश टाइमआउट डॅश सेकंड्स अशी एक किंमत असते. ती 0 केली की दार झोपतच नाही. 0.4 आवृत्तीत ही फाइल लुआ भाषेत लिहायची असते, 0.5 पासून लिहिण्याची पद्धत बदलली, म्हणून आधी आपली आवृत्ती बघून घ्या. एवढं करूनही काही टीव्ही शांततेत स्वतःच डुलकी घेतात. त्यांना आपल्या बाजूनं काही करता येत नाही.

म्हणून मी सगळ्यांना यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्यायला सांगते. नवी पेठेत कॉम्प्युटरच्या दुकानांत 'यूएसबी टू हेडफोन' म्हटलं की देतात. बोटाच्या पेराएवढं असतं, लिनक्सवर बहुतेक वेळा वेगळं काही घालावं लागत नाही. रास्पबेरी पाय 4 ला स्वतःचा जॅक आहे, पण त्यातून सतत हलकी खरखर येते. हार्मोनियमचं रेकॉर्डिंग त्यावर मला ऐकवत नाही. ऑर्कापुरता तो पुरतो. कीबोर्डमध्येच कॉम्प्युटर असलेलं 2020 चं मॉडेल 400 आणि 2023 चा पाय 5, या दोन्हींना जॅकच नाही. ते घेणाऱ्यांनी मशीनबरोबरच साउंड कार्ड घ्यावं. ब्लूटूथवर भिस्त ठेवू नका. ते जोडलं जाईपर्यंत तुम्ही पूर्ण शांततेत असता, आणि नेमकं तेव्हाच काही विचारलं गेलं तर उत्तर देता येत नाही. त्यात दाबलेलं बटण आणि ऐकू येणारा शब्द यांत अंतर पडतं, वेगानं काम करणाऱ्याला ते फार जाणवतं.

आवाज तुटक येत असेल, मधेच खर्र होऊन थांबत असेल, किंवा यूएसबीचं कार्ड मधेच नाहीसं होत असेल, तर माझा संशय आधी चार्जरवर जातो. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा पुरवठा लागतो. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर आणि बारीक वायर यांवर तो सुरू होतो, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. दाब साधारण 4.63 व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं. चित्रच ते, ऑर्का वाचत नाही. कितीतरी अंध माणसं महिनोन्‌महिने असं मशीन वापरतात आणि त्यांना हे कोणी सांगत नाही, कारण शेजारी बसलेल्या डोळस माणसालाही त्या चिन्हाचा अर्थ माहीत नसतो. विचारायचं असं: व्ही, सी, जी, ई, एन, सी, एम, डी, स्पेस, गेट, अंडरस्कोर, थ्रॉटल्ड. उत्तर झिरो एक्स झिरो आलं तर सगळं छान. झिरो एक्स फाइव्ह आणि मागे चार शून्यं म्हणजे मशीन चालू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती. शेवटचं शून्य जाऊन तिथेही पाच आला तर या क्षणी कमी पडतेय. तीच आज्ञा, पण गेट अंडरस्कोर थ्रॉटल्डच्या जागी मेझर अंडरस्कोर टेम्प लिहिलं की तापमान सांगते. 80 अंशांच्या पुढे रास्पबेरी स्वतःहून वेग कमी करतो. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बंद डबीत ठेवलेलं मशीन तिथपर्यंत पोचायला अवघड नाही. माझ्या डबीचं झाकण उन्हाळाभर काढलेलं असतं.

रोजच्या वापरासाठी भाच्यानं आणि मी मिळून एक छोटी फाइल लिहिली आहे. तो इथल्या वालचंद कॉलेजात इंजिनीअरिंग शिकतो. तो टाइप करायला बसला, काय काय हवं ते मी सांगितलं. म्यूट काढ, आवाज 80 टक्क्यांवर आण, यूएसबीचं दार निवड, पण आकड्यानं नको, कार्डाच्या नावानं शोधून. पाइपवायर आणि वायरप्लंबर पुन्हा सुरू कर, डिस्पॅचर मार, आणि शेवटी ऑर्का रिप्लेस. कीबोर्डवर एका जोडबटणाला ती बांधून ठेवलीय. टर्मिनल उघडायची गरज नाही, काही ऐकू यायची गरज नाही. दाबायचं आणि थोडं थांबायचं. "मावशी, हे सगळ्यांना दे की," तो म्हणाला. देतेय, मागेल त्याला.

ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, मराठी तर फारच कोरडं वाचतो, अशी तक्रार नवीन लोक करतात आणि मोठे, गोड आवाज घालून बघतात. ते छोट्या मशीनवर अडखळतात, आणि मग पुन्हा 'आवाज बिघडला' म्हणून फोन येतो. अडचण शोधत असताना तरी ईस्पीकच ठेवा. तो काही एमबीचा आहे, बटण दाबल्याबरोबर बोलतो, आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द सुटा राहतो. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी या चारही भाषा त्यात आहेत, म्हणजे आमचं अख्खं सोलापूर आलं. त्याचा पूर्वज 1995 मध्ये एकॉर्न कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी लिहिला गेला. रास्पबेरीत आज जो एआरएम जातीचा प्रोसेसर आहे, तोही मुळात एकॉर्नमध्येच जन्मला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि कार्ड खरोखरच गेलं असेल तर? वीज अचानक जाऊन जाऊन तेही होतं. एसएसएचनं आत शिरता येत असेल तोवर आपल्या फाइली फोनवर उतरवून घ्या, मगच नवं कार्ड लिहा. लिहितानाच इमेजरमध्ये वापरकर्त्याचं नाव, वायफाय आणि एसएसएच भरून ठेवा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर कंट्रोल-ऑल्ट-स्पेस दाबलं की ऑर्का बसवायला सुरुवात होते. त्याला नेट लागतं, म्हणून शक्य असेल तर राउटरची वायर थेट जोडा, आणि यूएसबीचं साउंड कार्ड मशीन सुरू करायच्या आधीच लावून ठेवा.